संकटात आधी कोणाला खाली उतरवतात?

मार्च २०२५ मध्ये खुलताबादचे नाव अचानक देशभरच्या वाहिन्यांवर गाजू लागले. तिथल्या शाळांचा, पाण्याचा किंवा बेरोजगार तरुणांचा प्रश्न कोणाला आठवला होता असे नाही. कारण होते औरंगजेबाची कबर. १७०७ साली मेलेल्या बादशहाची कबर उखडून टाका, अशी हाक काही संघटनांनी दिली. १७ मार्चला नागपुरात हिंसाचार उसळला आणि इकडे खुलताबादला पोलीस बंदोबस्त वाढला. मे २०२२ मध्येही असेच झाले होते. तेव्हा तर पुरातत्त्व खात्याने ही कबर काही दिवस लोकांसाठी बंदच ठेवली होती.

वाहिन्यांच्या गाड्या आल्या आणि गेल्या. पुढाऱ्यांची भाषणे झाली, मतांचे हिशेब झाले. परंतु दर्ग्याच्या रस्त्यावर फुले आणि चादरी विकणारा, वेरूळच्या लेण्यांबाहेर हंगामात पेरू-सीताफळांची टोपली घेऊन बसणारी बाई, शहरातून पर्यटकांना घेऊन येणारा टॅक्सीवाला आणि हॉटेलात ताटे विसळणारा पोरगा या माणसांचे त्या दिवसांत काय झाले, हे विचारायला कोणी थांबले नाही. यात मुसलमान आहेत, बौद्ध आहेत, मातंग आहेत, ओबीसी आहेत. संध्याकाळी चूल पेटवायची तर दिवसा रस्त्यावर पर्यटक दिसला पाहिजे, एवढाच त्यांचा धर्म एक आहे.

दौलताबादचा किल्ला, खुलताबाद, वेरूळची लेणी, घृष्णेश्वर आणि परतताना पाणचक्की व बीबी का मकबरा, ही यात्रा कंपन्यांची एका दिवसाची ठरलेली फेरी. तणावाची बातमी आली की कंपनीला सोपा मार्ग माहीत असतो. कार्यक्रमातून एक नाव वगळायचे, वेरूळ उरकून मागे फिरायचे. कंपनीच्या कागदावर ती एक ओळ असते. गावातल्या माणसाचा मात्र तो अख्खा हंगाम असतो. खुलताबाद वगळले की मलिक अंबरची कबरही वगळली जाते. गुलाम म्हणून विकला गेलेला हा हबशी माणूस निजामशाहीचा कारभारी झाला, त्याने खडकी शहर वसवले आणि त्याला नहरीचे पाणी दिले. गुलामीतून वर आलेल्या माणसाचा इतिहास आमच्या मुलांनी पाहायचा कुठे?

म्हणून आज आम्ही एक प्रश्न विचारणार आहोत. यात्रा कंपन्या संकटाची तयारी करतात म्हणजे नेमके काय करतात? आणि ही तयारी कोणासाठी असते?

आधी जे चांगले आहे ते चांगले म्हणू. नीट चालणाऱ्या कंपन्या सहल निघण्याआधी त्या भागाची माहिती घेतात. पर्यायी रस्ता आणि पर्यायी हॉटेल ठरवून ठेवतात. प्रवाशांच्या घरचे फोन नंबर लिहून घेतात, विमा काढतात, सोबत सहल व्यवस्थापक देतात. संकट कोसळले तर आधी माणसे मोजायची, त्यांना सुरक्षित जागी न्यायचे, घरी निरोप द्यायचा, परतीची सोय करायची आणि मग पैशाचा हिशेब करायचा, असा त्यांचा क्रम असतो. २२ एप्रिल २०२५ रोजी पहलगामला अतिरेक्यांनी २६ माणसे मारली. त्यांत महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर काश्मीरमध्ये अडकलेल्या मराठी पर्यटकांना परत आणण्यासाठी राज्य सरकारने खास विमाने सोडली. हे काम चांगलेच झाले. त्यात खोट काढण्याचे आम्हाला कारण नाही.

परंतु त्या २६ जणांत पर्यटकांना घोड्यावर बसवून नेणारा एक स्थानिक मुसलमान घोडेवालाही होता, हे विसरून कसे चालेल? पर्यटक विमानाने घरी आले. मागे राहिलेल्या घोडेवाल्यांना, शिकारेवाल्यांना, ढाबेवाल्यांना कोणते विमान होते? काही दिवसांतच तिथली ८७ पैकी ४८ पर्यटनस्थळे बंद झाली. कोणत्या कंपनीच्या संकट योजनेत या माणसांसाठी एक तरी ओळ होती? ज्याच्या खांद्यावर बसून पर्यटनाचा धंदा उभा आहे, त्याला संकटाच्या दिवशी सर्वात आधी खाली उतरवले जाते. आमच्या समाजाला ही रीत नवी नाही.

आता आमच्याच जिल्ह्याकडे येऊ. १७ मार्च २०२० रोजी कोरोनामुळे देशातली संरक्षित स्मारके बंद झाली. अजिंठा-वेरूळची लेणी पुन्हा उघडली ती १० डिसेंबर २०२० रोजी. जवळजवळ नऊ महिने. पुढे २०२१ मध्ये दुसऱ्या लाटेत ती पुन्हा बंद झाली. या काळात सरकारने काय दिले? जून २०२१ मध्ये केंद्राने पर्यटन क्षेत्रासाठी कर्जहमीची योजना जाहीर केली. पर्यटन संस्थेला १० लाखांपर्यंत कर्ज आणि परवाना असलेल्या गाइडला १ लाखापर्यंत कर्ज. महाराष्ट्र सरकारने एप्रिल २०२१ मध्ये परवानाधारक रिक्षाचालकांना १५०० रुपये जाहीर केले. फेरीवाल्यांसाठी केंद्राची १० हजारांच्या कर्जाची योजना होती, पण ती शहरांतल्या आणि शहरालगतच्या फेरीवाल्यांसाठी. शहरापासून तीस किलोमीटरवरच्या वेरूळ गावात दगडी मूर्ती आणि माळा विकणारा माणूस त्यात कुठे बसत होता?

बारकाईने पाहा. ज्याच्याजवळ कागद होता त्याला काहीतरी मिळाले. कंपनीजवळ नोंदणी होती, गाइडजवळ परवाना होता, रिक्षावाल्याजवळ बिल्ला होता. पण दुसऱ्याच्या मालकीची गाडी रोजावर चालवणारा ड्रायव्हर, त्याच्यासोबतचा क्लीनर, हॉटेलची सफाई करणारी बाई, पर्यटकांमागे पोस्टकार्डांचे पुडके घेऊन धावणारा पोरगा यांच्याजवळ कोणता कागद होता? आणि ज्यांच्याजवळ कागद नाही ते बहुतेक कोणत्या वस्त्यांतून येतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको. गावकुसाबाहेर ठेवलेला समाज आज सरकारी यादीच्या बाहेर ठेवला जातो. कुसाची जागा बदलली, बाहेरचा माणूस तोच राहिला.

आणि प्रवासाच्या संकटाची बोलणी करताना ८ मे २०२० विसरता येणार नाही. ७ मे रोजी बुद्धपौर्णिमा होती. त्याच दिवशी परदेशात अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी सरकारची विमाने सुरू झाली. दुसऱ्या दिवशी पहाटे आमच्याच जिल्ह्यात करमाडजवळ रेल्वे रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ही मध्य प्रदेशातली माणसे. त्यांत आदिवासी तरुण होते. भुसावळला गाडी मिळेल या आशेने ती रुळांवरून चालत निघाली होती. टाळेबंदीत गाड्या बंद आहेत असे समजून थकून रुळांवरच झोपली. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र साऱ्या देशाने पाहिले. परदेशातून येणाऱ्यासाठी विमान, आणि आपल्याच देशात घरी जाणाऱ्यासाठी रूळ! परदेशातल्या भारतीयांना आणू नये, असे आमचे म्हणणे नाही. जी तत्परता एकासाठी दाखवता येते ती दुसऱ्यासाठी का दाखवता येत नाही, एवढेच आम्ही विचारतो. तयारी करण्याची ताकद या देशात आहे. ती कोणासाठी वापरायची, हे मात्र जात आणि पैसा पाहून ठरते.

आता गिऱ्हाइकाची बाजू पाहू. आमच्या ओळखीच्या काही महिलांनी बचत गटातून पैसे साठवून त्याच २०२० च्या बुद्धपौर्णिमेला बोधगया, सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी पाहायचे ठरवले होते. त्यांत घरकाम करणाऱ्या होत्या, अंगणवाडीतल्या होत्या. जानेवारीतच एका ट्रॅव्हल्सवाल्याच्या हातात आगाऊ रक्कम दिली. पुढे टाळेबंदी आली. पैसे मागायला गेल्यावर उत्तर मिळाले, "ताई, माझेही पैसे पुढे अडकलेत. पुढच्या वर्षी नेतो." पुढच्या वर्षी दुसरी लाट आली. मग दर वाढले. बऱ्याच खेपा घातल्यानंतर त्यांना जेमतेम निम्मी रक्कम मिळाली. आम्ही त्यांना विचारले, पावती कुठे आहे? तर एका कार्डाच्या मागे पेनाने लिहिलेला आकडा तेवढा होता. पावती का नाही मागितली? "भाऊ आपल्याच समाजाचा, जयभीम घालणारा, त्याच्याकडे पावती कशी मागायची?"

इथे आम्ही आमच्या लोकांनाही दोन शब्द सुनावणार आहोत. जयभीम घालणे आणि पावती देणे यांत वैर नाही. बाबासाहेबांनी आम्हाला भावनेच्या भरवशावर सोडले नाही, तर लिहिलेल्या राज्यघटनेच्या भरवशावर उभे केले. बॅरिस्टर बापाची लेकरे आम्ही, आणि आयुष्यभराची पुंजी कार्डाच्या मागे लिहून देतो? जो आपला आहे त्याने तर सर्वात आधी पावती फाडली पाहिजे.

कायदा काय म्हणतो तेही समजून घ्या. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याच्या ५६ व्या कलमाप्रमाणे ठरलेली गोष्ट करणे अशक्य झाले तर करार रद्द ठरतो. पण तिथेच थांबू नका. ६५ वे कलम सांगते की रद्द ठरलेल्या कराराखाली ज्याने फायदा घेतला त्याने तो परत केला पाहिजे. ट्रॅव्हल्सवाले पहिली गोष्ट तुम्हाला सांगतात, दुसरी सांगत नाहीत. 'दैवी आपत्ती आली, आमच्या हातात काही नाही' असे बारीक अक्षरांत छापून ते मोकळे होतात. आपत्ती दैवी असेल, परंतु पैसे घेतलेला हात तर माणसाचा आहे! टाळेबंदीतल्या विमान तिकिटांचे पैसे परत मिळावेत म्हणून प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ ऑक्टोबर २०२० रोजी न्यायालयाने परताव्याचे आदेश दिले. विमानाने जाणाऱ्यांच्या वतीने दाद मागायला वकील उभे राहिले. बचत गटातल्या बाईच्या वतीने कोण उभे राहणार? ते आम्हालाच राहावे लागेल.

त्याचीही सोय आहे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला. त्याप्रमाणे तुम्ही जिथे राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असले म्हणून मुंबईला हेलपाटे घालण्याचे कारण नाही. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क लागत नाही. १९१५ या राष्ट्रीय क्रमांकावर फोन करूनही तक्रार नोंदवता येते. पण या सगळ्याला पुरावा लागतो, आणि पुरावा म्हणजे पावती.

बाहेरच्या देशात काय चालते? ब्रिटनमधील थॉमस कुक ही १७८ वर्षे जुनी यात्रा कंपनी २३ सप्टेंबर २०१९ रोजी बुडाली. त्या दिवशी तिचे सुमारे दीड लाख ब्रिटिश प्रवासी परदेशात होते. सरकारने विमाने भाड्याने घेऊन त्यांना परत आणले. ज्यांची सहल अजून निघायची होती त्यांना संरक्षण योजनेतून पैसे परत मिळाले. कारण तिथे विमान प्रवासासह सहल विकणाऱ्या कंपनीला प्रत्येक प्रवाशामागे अडीच पौंड एका निधीत भरावे लागतात. कंपनी बुडाली तरी प्रवासी बुडू नये, म्हणून हा निधी. आमच्याकडे? केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यता घ्यायची की नाही, हे यात्रा कंपनीच्या इच्छेवर सोडलेले आहे. आज कोणीही फलक लावतो, दोन बसेस भाड्याने घेतो आणि चारधामपासून बोधगयेपर्यंत माणसे न्यायला लागतो. तो बुडाला तर त्याच्याबरोबर प्रवाशांचे पैसेही बुडतात.

पैसे बुडाले तर पुन्हा कमावता येतात, जीव परत येत नाही. १५ ऑक्टोबर २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर वैजापूरजवळ सैलानी बाबांच्या दर्शनाहून नाशिककडे परतणाऱ्या भाविकांची छोटी बस कंटेनरवर आदळली आणि १२ जण मेले. गाडीत क्षमतेपेक्षा किती तरी जास्त माणसे बसवली होती. २३ ऑगस्ट २०२४ रोजी नेपाळमध्ये जळगाव जिल्ह्यातील यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली, २७ जणांचे प्राण गेले. अशा बातम्या आल्या की आठ दिवस हळहळ होते, मदत जाहीर होते आणि 'चालकाला डुलकी लागली' एवढे म्हणून पुष्कळदा विषय संपतो. चालकाला डुलकी का लागली? रात्रभर गाडी चालवून आलेल्या माणसाला दिवसा झोपायला खाट कोणी दिली होती? यात्रेकरू धर्मशाळेत झोपतात, ड्रायव्हर आणि क्लीनर गाडीत नाहीतर गाडीखाली झोपतात. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानेच ड्रायव्हरच्या कामाला दिवसाचे आठ तास आणि आठवड्याचे ४८ तास अशी मर्यादा घातली होती. त्याही आधी मजूर मंत्री असताना १९४६ मध्ये बाबासाहेबांनी कारखान्यांतील कामगारांसाठी आठवड्याला ४८ तासांचा कायदा मांडला होता. कागदावर आठ तास येऊन जमाना झाला, स्टेअरिंगवर मात्र ते अजून आलेले नाहीत. संकटाची खरी तयारी कंपनीच्या चकचकीत पुस्तिकेत नसते, ती ड्रायव्हरच्या झोपेत आणि गाडीच्या टायरमध्ये असते.

इथे आम्हाला बाबासाहेबांचा एक प्रवास आठवतो. तो आमच्या याच परिसरात घडला. १९३४ साल. चळवळीतल्या सहकाऱ्यांनी सहलीला जाण्याची इच्छा व्यक्त केली. काही झाले तरी वेरूळची बौद्ध लेणी पाहायचीच, असे ठरले. सुमारे तीस माणसे बस आणि मोटारी भाड्याने घेऊन नाशिकहून येवल्यामार्गे निघाली. या सहलीचा कार्यक्रम बाबासाहेबांनी मुद्दाम जाहीर केला नव्हता. अस्पृश्य प्रवाशाला वाटेत काय काय सोसावे लागते हे त्यांना पक्के माहीत होते. जिथे थांबायचे तेवढ्याच गावच्या आपल्या लोकांना निरोप दिले होते. सांगा, ही संकटाची तयारी नाही तर दुसरे काय? जगातल्या कोणत्याही प्रवाशाला चोराची, पावसाची, रोगराईची भीती असते. आमच्या माणसाला माणसांची भीती होती.

एवढे करूनही दौलताबादला जे व्हायचे ते झाले. किल्ल्याच्या दाराबाहेर पाण्याने भरलेले टाके होते. प्रवासाने धुळीत माखलेल्या काही जणांनी तिथे हातपाय-तोंड धुतले. महिना रमजानचा होता. एक वृद्ध मुसलमान आरडाओरडा करत आला, की यांनी टाके बाटवले. बघता बघता जमाव जमला आणि शिवीगाळ सुरू झाली. बाबासाहेबांनी त्यांना विचारले, हाच तुमचा धर्म आहे काय? अस्पृश्य मुसलमान झाला तर त्याला तुम्ही पाणी घेऊ देणार की नाही? शेवटी किल्ला पाहायची परवानगी मिळाली, पण आत कुठेही पाण्याला हात लावायचा नाही या अटीवर. आणि तसे होऊ नये म्हणून सोबत हत्यारबंद शिपाई दिला. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आपल्या आठवणींत बाबासाहेबांनी हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

आज काही मंडळी हा प्रसंग मुसलमानांविरुद्ध वापरायला टपून बसलेली असतात. त्यांना आम्ही सांगू इच्छितो, की त्याच आठवणींत टांगेवाल्याचे, बडोद्याच्या पारशी खानावळीचे आणि हिंदू घरांचेही प्रसंग आहेत. जात धर्माची वेस ओलांडून सगळीकडे पोचते, हे त्यांना दाखवायचे होते. कबरीच्या भांडणात आमचा माणूस काठी म्हणून वापरला जावा यासाठी त्यांनी ते लिहिले नाही. ज्या येवल्यातून त्यांची वाहने गेली, त्याच येवल्यात पुढच्या वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ रोजी, त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, हेही ध्यानात ठेवा.

जगात हे सोसणारे आम्ही एकटे नव्हतो. दौलताबादच्या प्रसंगानंतर दोनच वर्षांनी, १९३६ मध्ये, अमेरिकेत व्हिक्टर ह्यूगो ग्रीन या न्यूयॉर्कच्या काळ्या टपाल कर्मचाऱ्याने 'ग्रीन बुक' नावाची मार्गदर्शिका छापली. काळ्या प्रवाशाला कोणत्या गावात मुक्काम मिळेल, कुठे जेवण मिळेल, कुठे गाडी दुरुस्त होईल, याची ती यादी होती. पुढे तीस वर्षे ती निघत राहिली. यात्रा कंपन्यांनी ज्यांचा विचार केला नाही त्यांनी आपली तयारी आपणच केली. आमच्या चळवळीनेही तेच केले. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनी दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर येतो. तिथे जेवण कोण देते? हरवलेल्या म्हातारीला तिच्या गावच्या माणसांपर्यंत कोण पोचवते? समता सैनिक दलाचे सैनिक, वस्त्यावस्त्यांतली मंडळे, वर्गणी काढून अन्नदान करणारे कामगार. रेल्वे आणि महापालिका सोय करतात, कारण दर वर्षी आमच्या माणसांनी तिची मागणी लावून धरली. गर्दी सांभाळण्याचे हे ज्ञान कोणत्याही यात्रा कंपनीपेक्षा कमी नाही. फक्त ते आम्ही एका दिवसापुरते वापरतो आणि उरलेले वर्षभर आपल्या माणसांना कोणाच्याही बसमध्ये कोंबून पाठवतो.

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत आणि आमच्या लोकांसाठी काही सूचनाही आहेत.

सरकारकडे आमची मागणी अशी, की पैसे घेऊन सहल नेणाऱ्या प्रत्येकाची नोंदणी सक्तीची करा आणि प्रवाशामागे थोडी रक्कम घेऊन परताव्याचा निधी उभा करा. करार मराठीत आणि वाचता येईल अशा अक्षरांत असावा. सहल रद्द झाली तर किती दिवसांत किती पैसे परत मिळतील, हे त्यात पहिल्या पानावर असावे. रात्रीच्या प्रवासाला दोन ड्रायव्हर आणि मुक्कामाच्या ठिकाणी त्यांना खाट, ही अट परवान्यातच घाला. वेरूळ, खुलताबाद, दौलताबाद या भागात पर्यटनावर जगणाऱ्या प्रत्येक माणसाची, मग तो फेरीवाला असो की सफाई कामगार, गावपातळीवर यादी करा. लेणी किंवा रस्ते सरकारी हुकमाने बंद झाले तर त्या यादीप्रमाणे रोजी द्या. कर्ज नको, रोजी द्या. ज्या लेण्यांच्या तिकिटांचे पैसे वर्षानुवर्षे सरकारने गोळा केले त्यातला एक वाटा वाईट दिवसांसाठी बाजूला काढायला काय हरकत आहे?

यात्रा कंपन्यांना आमचे सांगणे असे, की तणावाची अफवा आली म्हणून गावाचे नाव खोडण्याआधी गावातल्या माणसाला आणि पोलीस ठाण्याला फोन करून खरी परिस्थिती विचारा. धोका असेल तर अवश्य टाळा, माणसाचा जीव मोठा आहे. पण धोका सरल्यावर परत या. आणि ज्या ड्रायव्हरने, ज्या गाइडने तुमची माणसे सुखरूप परत आणली त्याचा त्या दिवसांचा पगार कापू नका.

आता आमच्या समाजबांधवांना. धम्मसहल काढणाऱ्या मंडळांनी एवढे तरी करावे. पैसे बँकेतून द्या, पावती घ्या. गाडीचा परवाना, विमा आणि योग्यता प्रमाणपत्र निघण्याआधी पाहा. आसने जेवढी, माणसे तेवढीच. 'अजून दोघे बसतील' हे वाक्य बंद करा, कारण त्या दोघांमुळे बाकीचे मरतात. प्रत्येकाचे नाव, घरचा फोन आणि रोजचे औषध लिहिलेला कागद दोन ठिकाणी ठेवा, एक गाडीत आणि एक गावात. ड्रायव्हरला आपल्या पंगतीत जेवायला बसवा आणि त्याला झोपू द्या. संकट आलेच तर बोलायचे कोणी, पैसे कोणाजवळ, म्हाताऱ्या माणसांचा हात कोणी धरायचा, हे निघण्याआधी ठरवा. आमच्या सुशिक्षित पोरांनी, वकिलांनी वर्षातून एक रविवार विहारात बसून लोकांना हे कागद समजावून सांगावेत. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हे आम्ही भिंतीवर लिहिले आहे. ते बसमध्ये चढतानाही लागू आहे.

शेवटी वेरूळची एक गोष्ट. तिथली पहिली बारा लेणी बौद्ध. त्यांतल्या पाचव्या लेण्याला लोक 'महारवाडा' म्हणतात. आत लांबच लांब सभागृह आहे आणि मधोमध दगडात कोरलेले दोन ठेंगणे, लांब बाक आहेत. पावसाळ्यात महार वस्तीतली माणसे तिथे आसऱ्याला येत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. पर्यटकांना घेऊन येणारे बहुतेक जण कैलास लेण्याकडे घाईने जातात आणि हे लेणे पाच मिनिटांत उरकतात. आमच्या माणसाने मात्र तिथे थोडा वेळ बसावे. गावाने ज्यांना छप्पर दिले नाही त्यांना भर पावसात बुद्धाच्या भिक्खूंनी कोरलेल्या लेण्याने आत घेतले. आत येणाऱ्याची जात त्या दगडाने विचारली नाही आणि संकटात कोणाला आधी बाहेर काढायचे याची यादीही केली नाही. एवढी तयारी आजच्या कंपन्यांनी आणि सरकारने दाखवावी, आणि ती दाखवेपर्यंत आपण स्वस्थ बसू नये.

जयभीम!